रापणीचा हिशेब

मालवणच्या दांडी किनाऱ्यापासून दक्षिणेला तारकर्ली-देवबागपर्यंत आणि उत्तरेला तळाशील-तोंडवळीच्या वाळूपर्यंत, रापणीची सुरुवात एखाद्या जाणत्या माणसाच्या नजरेपासून होते. पाण्याचा बदललेला रंग, वर घिरट्या घालणारे पक्षी, मध्येच उठणारी बारीक खळबळ यांवरून मासळीचा थवा कुठे आहे आणि कुठल्या दिशेने सरकतो आहे, हे त्याला कळते. मग होडी सुटते. जाळ्याच्या एका टोकाचा दोर किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असतो. होडी समुद्रात मोठे अर्धवर्तुळ काढत जाळे सोडत जाते आणि दुसऱ्या टोकाचा दोर घेऊन बऱ्याच अंतरावर पुन्हा वाळूला लागते. पुढचे काम हातांचे आणि खांद्यांचे. दोन्ही दोरांना माणसांच्या रांगा लागतात, पाय वाळूत रोवले जातात, एका लयीत ओढ सुरू होते. तास-दोन तासांत दोन्ही रांगा एकमेकींजवळ येतात आणि जाळ्याचा खोलगट मधला भाग उथळ पाण्यात दिसू लागतो. पेडवे, बांगडे, मुडदुशा, सौंदाळे, कधी नुसता कचरा आणि जेलीफिश. काय निघेल ते आधी कोणीच सांगू शकत नाही.

रापण म्हणजे जाळे, आणि रापण म्हणजे ते जाळे ओढणारी मंडळीही. एका रापणीला चाळीस-पन्नास माणसे सहज लागतात, मोठी असेल तर त्याहून अधिक. गोव्यात हिला रांपण म्हणतात. श्रीलंकेत अशाच जाळ्याला मादेल म्हणतात, आणि पोर्तुगालच्या किनाऱ्यावरही अशी जाळी आहेत. तिथे ती ओढायला पूर्वी बैल जुंपत, आता ट्रॅक्टर लावतात. जिथे लांब, सपाट, वाळूचा किनारा आहे आणि मासळी थव्याने काठाजवळ येते, तिथे माणसाला ही युक्ती सुचलेली दिसते. सिंधुदुर्गाच्या १२१ किलोमीटरच्या किनाऱ्यावर असे वाळूचे पट्टे भरपूर आहेत, आणि त्या पट्ट्यांवर गाबीत समाजाची वस्ती आहे.

गाबीत मंडळींची आठवण शिवाजी महाराजांच्या आरमारापर्यंत जाते. १६६४ मध्ये मालवणसमोरच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम सुरू झाले. गलबते चालवणारी, खडकांतून वाट काढणारी, वारा ओळखणारी माणसे या किनाऱ्याला लागत होती, आणि ती इथेच होती. १७६५ मध्ये इंग्रजांनी किल्ला काही काळ घेतला, १८१२ मध्ये कोल्हापूरकरांकडून मालवण कायमचे इंग्रजांकडे गेले आणि आरमाराचा काळ संपला. दर्यावर्दी माणसाला त्यानंतर दोनच वाटा उरल्या, मालवाहू गलबतांवर चाकरी किंवा मासेमारी. दुसऱ्या वाटेला भांडवल थोडे लागे. पण थोडे असले तरी ते एका घराच्या आवाक्यातले नव्हते. रापणीच्या साऱ्या व्यवस्थेचे मूळ या साध्या अडचणीत आहे.

शेकडो मीटर लांबीचे जाळे एका कुटुंबाने विणायचे म्हटले तर वर्षे जातील. म्हणून जाळे तुकड्यातुकड्यांनी उभे राही. अनेक घरे आपापला तुकडा आणत, तुकडे जोडून एक रापण होई, आणि प्रत्येक घर तिच्यात भागीदार होई. नायलॉन येण्यापूर्वी ही जाळी सुताची आणि सणाची असत. खाऱ्या पाण्यात ती कुजत, म्हणून झाडांच्या साली उकळून त्या काढ्यात ती मुरवावी लागत, मग वाळूवर वाळत घालावी लागत. फाटलेली आस, म्हणजे जाळ्याची घरे, विणायला पुन्हा सगळे एकत्र. जाळ्याची निगा हा मासेमारीइतकाच मोठा उद्योग होता आणि तोही सामाईक.

वाटपाची रीत गावागावांत थोडी वेगळी असली, तरी तिचा साचा एकच. मासळी वाळूवरच लिलावाने विकली जाते. आलेल्या पैशांतून खर्च वजा होतो. उरलेल्याचे वाटे पडतात, होडीचा वाटा, जाळ्याचा वाटा, आणि राबणाऱ्या प्रत्येकाचा वाटा. याशिवाय दोराला हात लावायला आलेला म्हातारा असो, शाळा सुटल्यावर धावत आलेला पोर असो की घरात कमावते माणूस नसलेली बाई असो, त्यांच्या हातावर घरच्या जेवणापुरती मासळी पडतेच. विक्री बायकांच्या हाती. टोपलीचा भाव, उधारी, कुठल्या वाडीत काय खपते, हा सगळा हिशेब त्यांच्या डोक्यात असतो.

धंद्याच्या नजरेने पाहिले तर ही रीत फार विचारपूर्वक बेतलेली दिसते. इथे रोजंदारी नाही, वाटा आहे. जाळे रिकामे आले तर त्या दिवशी कोणालाच काही मिळत नाही, पण कोणाचे देणेही डोक्यावर बसत नाही. होडी वल्ह्यांची, ओढ हातांची, त्यामुळे मासळी मिळो न मिळो, जळणारे इंधन नाही. तोटा अनेक खांद्यांवर विभागला जातो आणि एखादा हंगाम पडला तरी धंदा उभा राहतो. आजच्या छोट्या उद्योजकाला स्थिर खर्च कमी ठेवा असा सल्ला मिळतो. रापणकरांनी तो खर्च जवळजवळ शून्यावर ठेवला होता.

या धंद्याला मर्यादाही निसर्गानेच घातलेल्या. जाळे होडी जाईल आणि दोर पुरेल तेवढ्याच अंतरात पडते. मासळी काठाला आली तरच मिळते, तिच्या मागे लागता येत नाही. खडकाळ तळावर जाळे फाटते, म्हणून खडक आणि त्यातली पिल्ले सुटतात. पावसाळ्यात वाळूवर उभे राहणेच अशक्य, म्हणून मासळीच्या विणीच्या काळात जाळी घरात. नारळी पौर्णिमेला मालवणात समुद्राला नारळ अर्पण होतो आणि मगच होड्या पाण्यात उतरतात. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची सरकारी मासेमारीबंदी आता आहे, ती यायच्या कितीतरी आधीपासून हा किनारा पावसाळा पाळत होता.

एखाद्या दिवशी पेडव्यांचा ढीग पडला तर काय करायचे, याचेही उत्तर गावात तयार होते. पेडवा म्हणजे तारली. ती एकदम येते, टनांनी येते आणि लगेच खराब होते. ताजी खपेल तेवढी खपायची, उरलेली खारवून वाळवायची, आणि त्याहूनही उरली तर माडांच्या बुंध्याशी खत म्हणून जायची. मीठ जवळच होते, दक्षिणेला शिरोड्याची आणि उत्तरेला देवगडकडच्या मिठबावची मिठागरे. १९३० च्या मे महिन्यात शिरोड्याला मिठाचा सत्याग्रह झाला, तो या किनाऱ्याच्या दृष्टीने पोटाच्या प्रश्नाशी जोडलेला होता. मिठावर कर म्हणजे मासळी टिकवण्यावर कर. सुकी मासळी घाट चढून कोल्हापूर-बेळगावकडे जाई आणि येताना धान्य येई. वाया जाणारे असे काही उरतच नसे. माडाला मासळी, माडाच्या सोडणाचा काथ्या, काथ्याचा दोर, आणि तो दोर पुन्हा रापणीला.

हा हिशेब विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बिघडला. १९५० च्या दशकात केरळात नॉर्वेच्या मदतीने यांत्रिक नौकांचा प्रकल्प सुरू झाला, कोळंबीला परदेशी बाजार मिळाला आणि ट्रॉलर साऱ्या पश्चिम किनाऱ्यावर पसरले. सरकारी कर्जे, अनुदाने, बंदरे, बर्फाचे कारखाने सगळे यंत्राच्या बाजूने उभे राहिले. महाराष्ट्रात मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा मिळतो. गरजूंना मदत म्हणून ही योजना चांगलीच, पण तिचा कल बघा. लिटरमागे परतावा म्हणजे जो जास्त डिझेल जाळतो त्याला जास्त मदत, आणि जो वल्ह्याने होडी नेतो आणि हाताने जाळे ओढतो त्याला त्यातले काही नाही. पर्यावरणाला कमी ओरबाडणारा धंदा तोट्यात का जातो, याचे एक कारण इतके साधे आहे. खर्चाचा काही भाग सरकार उचलते तेव्हा खर्चिक धंदा स्वस्त दिसू लागतो.

ट्रॉलर तळ खरवडतो. त्याहून रापणीच्या मुळावर आली ती पर्ससीन. हे जाळे थव्याभोवती गोल टाकतात आणि खालून दोर आवळून पिशवीसारखे बंद करतात. बांगडा आणि तारली यांचे थवे त्यात अख्खेच्या अख्खे येतात. रापण ज्या मासळीची वाट काठावर बघते, नेमकी तीच मासळी पर्ससीन खोल पाण्यातच उचलते. दोघांचे गिऱ्हाईक एक, माल एक. फरक एवढाच की एकजण दारात उभा आहे आणि दुसरा वाटेत. गेल्या दोन-तीन दशकांत मालवण, आचरा, देवगड, वेंगुर्ल्याच्या समुद्रात पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले यांच्यात वारंवार संघर्ष पेटला, त्यामागे हे कारण आहे.

कायदे आले. गोव्यात १९७० च्या दशकात मतानी साल्ढाणा यांच्या पुढाकाराने रांपणकार रस्त्यावर उतरले, आणि त्या लढ्याने देशभरातल्या पारंपरिक मच्छीमारांना आवाज मिळाला. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा. किनाऱ्यालगतच्या ठरावीक वाव खोलीपर्यंत यांत्रिक ट्रॉलिंगला मज्जाव करण्याची सोय त्यात झाली. पुढे डॉ. व्ही. एस. सोमवंशी यांच्या समितीने पर्ससीनचा अभ्यास केला आणि तिच्या शिफारशींवरून ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्याने आदेश काढला. पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम, नवे परवाने बंद, आणि आहेत ते परवाने टप्प्याटप्प्याने १८२ वर आणायचे. २०१७ मध्ये केंद्राने प्रखर एलईडी दिव्यांच्या साह्याने होणारी मासेमारी बंद केली. २०२१ मध्ये राज्याने कायदा दुरुस्त करून दंड लाखांच्या घरात नेला. कागदावर रापणकराची बाजू एवढी भक्कम पूर्वी कधीच नव्हती. समुद्रात मात्र कायदा गस्तीनौकेच्या वेगाने चालतो, आणि पळणारी नौका बहुधा तिच्याहून वेगवान असते.

वरून आलेला प्रत्येक नियम इथल्या माणसाने आपला मानला असेही नाही. १३ एप्रिल १९८७ रोजी मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीची प्रवाळे आणि खडकांतले जीवन वाचावे हा हेतू उत्तम होता. पण ज्यांचे पोट त्या पाण्यावर, त्यांना विश्वासात घेतले गेले नाही, आणि मच्छीमारांचा विरोध पुढे कित्येक वर्षे धुमसत राहिला. संवर्धनाचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत सावध पहारेकरी जे झाले असते, तेच विरोधात उभे राहिले. ही चूक महाग पडली.

सामाईक संपत्ती लोक ओरबाडून संपवतात, म्हणून ती सरकारच्या तरी ताब्यात हवी किंवा खासगी तरी हवी, असे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अर्थशास्त्रात आग्रहाने मांडले जात होते. एलिनॉर ऑस्ट्रम या अमेरिकन अभ्यासक बाईंनी त्याला उदाहरणांनी उत्तर दिले. त्यासाठी त्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. त्यांच्या उदाहरणांत तुर्कस्तानातले अलान्या हे मच्छीमारांचे गाव आहे. तिथे जाळी टाकायच्या जागांची यादी करत, हंगामाच्या सुरुवातीला चिठ्ठ्या टाकत आणि मग प्रत्येकजण रोज एक जागा पुढे सरके, म्हणजे चांगली जागा सर्वांच्या वाट्याला येई. मालवणच्या माणसाला यात नवल वाटणार नाही. कुठल्या गावाची रापण कुठपर्यंत, कोणाची पाळी कधी, एकाच्या जाळ्यात दुसऱ्याने होडी घालायची नाही, हे संकेत इथे तोंडी चालत आले. त्यांना कागदाचा आधार नव्हता, म्हणून यंत्रापुढे ते टिकले नाहीत. पण नियम नव्हते, असे कोणी म्हणू नये.

रापणीला देवत्व देण्याचेही कारण नाही. तिची आस बारीक असते आणि जाळ्यात पिल्लेही येतात; वाळूवर पडलेली बोटभर मासळी परत पाण्यात जात नाही. तारलीचे प्रमाण समुद्राच्या तापमानानुसार आणि प्रवाहांनुसार मुळातच खाली-वर होते, त्यामुळे प्रत्येक वाईट हंगामाचे खापर पर्ससीनवर फोडता येत नाही. वाटे ठरवताना मोठ्या भागीदारांचे वजन जास्त पडते, अशी तक्रारही जुनीच. तरीही तुलना करायची ती एकूण व्यवहाराशी. एका जाळ्यावर इतक्या घरांचे पोट आणि इंधनाचा इतका कमी खर्च, हे गणित दुसऱ्या कुठल्या मासेमारीत बसत नाही.

टिकाऊपणा आणि नफा एकत्र कसे नांदतात, हे यंत्राच्या मासेमारीतही दिसले. २०११ च्या सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने सिंधुदुर्ग किनाऱ्यावर जैवविविधतेचा मोठा प्रकल्प सुरू झाला. केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ट्रॉलच्या शेपटाला चौकोनी आसाचे, ४० मिलिमीटरचे जाळे लावून पाहायला ट्रॉलरवाल्यांना सांगितले. नेहमीची आस शंकरपाळ्याच्या आकाराची, ती ताण पडला की मिटते आणि पिल्ले आत अडकतात. चौकोनी आस ताणातही उघडी राहते. पिल्ले निसटतात, चिखल आणि निरुपयोगी माल कमी येतो, जाळे हलके ओढले जाते आणि डिझेल वाचते. वर निवडायला माणसांचा वेळही कमी लागतो. मासे वाचवा म्हणून जे पटले नसते, ते डिझेल वाचते म्हणून पटण्याची शक्यता तयार झाली.

त्याच काळात वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत ‘स्वामिनी’ या महिला बचतगटाने कांदळवन सफर सुरू केली. मासेमारीच्या घरातल्या बायका वल्ह्यांच्या होडीतून पाहुण्यांना खाडीत फिरवतात, कांदळवनाच्या जाती आणि पक्षी दाखवतात. होडीला इंजिन नाही, म्हणून इंधनाचा खर्च नाही, पक्षी उडून जात नाहीत, आणि पक्षी आहेत म्हणून पाहुणे येतात. कांदळवन तोडले तर धंदाच बुडेल, तेव्हा राखण करायला वेगळा माणूस नेमावा लागत नाही. रापणीच्या हिशेबाची ही जवळची बहीण म्हणावी. राज्याच्या कांदळवन कक्षाने आणखी एक शहाणपणाची गोष्ट केली. डिसेंबर २०१८ पासून, जाळ्यात समुद्री कासव किंवा बहिरी मोरी यांसारखा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर फोटोच्या पुराव्यावर त्याला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळू लागली. पूर्वी जाळे कापणे म्हणजे गरिबाने एकट्याने सोसलेला दंड होता. तो सर्वांनी वाटून घेतल्यावर कासवे सुटू लागली, आणि रापणकरांनीही ती सोडली.

आज रापणीपुढे तीन अडचणी एकदम उभ्या आहेत. पहिली माणसांची. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला, नंतर स्कूबा, स्नॉर्केलिंग, वॉटर स्पोर्ट्स आले. दोर ओढणाऱ्या घरातला तरुण आता पर्यटकांची बोट चालवतो, आणि त्याला दोष देता येणार नाही. तिथे पैसा रोज हातात येतो. दुसरी जागेची. देवबागसारख्या चिंचोळ्या भूशिरावर समुद्र घरांपर्यंत आला, तिथे दगडी बंधारे घालावे लागले. बंधारा घर वाचवतो, पण रापणीला लागणारी मोकळी, उतरती वाळू त्याच्यापुढे उरत नाही. २०१९ चे क्यार आणि २०२१ चे तौक्ते या वादळांनी होड्या-जाळ्यांची हानी केली आणि किनाराही खाल्ला. तिसरी अडचण मासळीची, आणि ती वर सांगून झाली.

पण पर्यटनाने एक दारही उघडले आहे. तारकर्ली, वायरी, देवबागमध्ये मच्छीमारांच्याच घरांत निवास-न्याहारीची सोय झाली, अंगणात खाणावळी झाल्या. तिथे येणाऱ्या माणसाला काल रात्री बर्फात घातलेली मासळी नको असते. रापणीची मासळी पाण्यातून निघाल्यावर तासाभरात तव्यावर पडू शकते, आणि दूरवर आठ-दहा दिवस फिरून येणाऱ्या नौकेला हे कधीच जमणार नाही. ताजेपणाचा हा भाव रापणकरांच्या संघाच्या हाती राहावा, तो दलालाकडे जाऊ नये, यासाठी संघ आणि गावातल्या खाणावळी यांच्यात थेट करार व्हायला हवेत. डिझेलच्या परताव्याइतकी रक्कम बिनइंधनाच्या जाळ्यांसाठी देण्याची मागणीही तितकीच रास्त आहे. दुरुस्तीला लागणारे नायलॉन, होडीचा विमा, किनाऱ्यावर बर्फाची छोटी पेटी आणि बंधारा बांधताना वाळूचा एक पट्टा रापणीसाठी मोकळा ठेवणे, एवढीच तिची गरज. यातले शेवटचे काम ग्रामपंचायत आणि पतन विभाग एकत्र बसले तर बंधाऱ्याच्या आराखड्यातच होऊ शकते, त्यासाठी वेगळा निधीही लागत नाही.